दाजीपूरच्या जंगलात आज जेवायला काय?

आज डब्यात काय आणलंस? चपाती-भाजी? थालीपीठ? की शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी?

मधल्या सुट्टीची घंटा झाली की डब्याचं झाकण उघडायचं, एवढंच आपलं काम! डबा भरायचं काम घरच्यांनी सकाळीच केलेलं असतं. पण मला सांग दोस्त, शाळेच्या भिंतीवरून लगबगीनं चाललेल्या त्या मुंगीचा डबा कोण भरतं? रंकाळा तलावाच्या काठावर मान वाकडी करून उभ्या असलेल्या बगळ्याचा? आणि मैदानातल्या वडाचा?

"वडाला कुठं डबा लागतो?" असं म्हणालास ना? किंवा म्हणालीस ना? लागतो तर! जगातल्या एकूण एक जिवाला अन्न लागतं. वडालाही, वाघालाही आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूलाही. आणि ते मिळवायची प्रत्येकाची युक्ती वेगळी! काही युक्त्या तर अशा आहेत, की ऐकल्यावर तू म्हणशील, "काहीतरीच काय!"

त्या बघायला लांब कुठं जायला नको. आपला कोल्हापूर जिल्हा पुरे. चल, सुरुवात एका गुऱ्हाळापासून करू.

गूळ आला कुठून?

हिवाळ्यात कागलच्या नाहीतर पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं, की गोड, उबदार वास नाकात शिरतो. तिकडं घाण्यात ऊस सरसर आत जातोय, इकडं रस गळतोय. रस मोठ्या काहिलीत उकळतोय. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं धडधडून जळतायत. मळी वर आली की गूळ करणारे गुळवेकाका ती काढून टाकतात. रस घट्ट होतो, सोनेरी होतो, आणि झाला गूळ तयार!

आता ओळख बरं, उसात ही गोडी आली कुठून?

मातीतून? छे! शेतातली माती काही गोड नसते. पाण्यातून? पंचगंगेच्या पाण्यात कुणी साखर कालवलेली नाही. मग खतातून? तेही नाही!

गोडी आली हवेतून!

खरंच सांगतेय. उसाच्या पानाला बारीक-बारीक तोंडं असतात. इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या तोंडांतून हवा आत जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो. आपण श्वास सोडतो ना, त्यातून बाहेर पडतो तोच! मुळं खालून पाणी पाठवतात. झालं, शिधा जमला! आता पेटवायची चूल. पानाची चूल म्हणजे सूर्य! पानातलं हिरवं हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्या उन्हाच्या जोरावर हवा आणि पाण्याची साखर तयार होते. या स्वयंपाकात उरतो तो ऑक्सिजन. पान तो बाहेर टाकून देतं, आणि आपण तोच श्वासातून घेतो!

विश्वास बसत नाही? चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांचाही बसला नसता. तेव्हा बहुतेकांना वाटायचं, झाडं माती खाऊन वाढतात. आजच्या बेल्जियममध्ये यान वान हेल्मोंट नावाचा एक माणूस राहायचा. त्यानं ठरवलं, आपण मोजूनच बघू. त्यानं एका मोठ्या कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून भरली. तीत वाळुंजाचं एक रोप लावलं. रोपाचं वजन होतं दोन किलोच्या आसपास. मग पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं. भरलं सुमारे ७७ किलो!

आणि माती? ती वाळवून पुन्हा तोलली. किती कमी झाली असेल? ५० किलो? २० किलो?

जेमतेम ५७ ग्रॅम! मूठभर शेंगदाण्यांएवढी!

हेल्मोंटला वाटलं, झाड सगळं पाण्यातूनच झालं. हवेचं गुपित त्याला कळलं नव्हतं, ते पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पण झाड माती खात नाही, हे त्यानं तराजूवर दाखवून दिलं. त्याचा हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकात छापून आला.

मग गुळाचा खडा तोंडात टाकला, की आपण काय खातो? हवा, पाणी आणि ऊन! ते ऊनही १५ कोटी किलोमीटरवरून आलेलं. सूर्यापासून निघून इथं पोचायला त्याला सुमारे आठ मिनिटं लागतात. काहिलीखाली धडधडणाऱ्या चिपाडांतला जाळसुद्धा उन्हाचाच. उसानं साठवून ठेवलेलं ऊन तिथं जळत असतं!

गव्याला गवत पचत नाही!

आता जंगलात जाऊ. कोल्हापुरातून राधानगरीच्या रस्त्यानं निघायचं. वाटेत राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण लागतं. पुढं घाट, धुकं, दाट झाडी आणि मग दाजीपूर. कोल्हापुरापासून साधारण ८० किलोमीटर. महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य हेच! १९५८ साली ते जाहीर झालं. आज राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरवर पसरलंय. आणि २०१२ पासून पश्चिम घाटातल्या ज्या जागांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यांतही ते आहे.

इथला राजा म्हणजे गवा. काळाकभिन्न अंग, पिळदार खांदे आणि चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे! नर गवा खांद्याशी मोठ्या माणसाएवढा उंच असतो. वजन हजार किलोपर्यंत जातं.

एवढा धिप्पाड गडी खातो काय? गवत, बांबूचे कोंब, कारवीची पानं. बस्स!

आणि गंमत ऐक. गव्याला गवत पचतच नाही!

हो ना! तुलाही पचणार नाही, मलाही नाही. गवत चिवट धाग्यांचं बनलेलं असतं. ते धागे मोडण्याचं कसब गव्याच्या पोटात नाही. मग तो काय करतो? पोटात आचारी ठेवतो!

गव्याच्या पोटाला चार कप्पे असतात. सगळ्यात मोठ्या कप्प्यात जंतू राहतात. तिथल्या रसाच्या एका थेंबात कोट्यवधी! गवा भराभर गवत ओरबाडतो आणि नीट न चावताच गिळतो. जंगलात वाघ-बिबट्यांचं भय, उघड्यावर निवांत चावत कोण बसेल? पोट भरलं की तो सावलीत जाऊन बसतो. मग गिळलेलं गवत घासाघासानं परत तोंडात आणतो आणि सावकाश चघळतो. यालाच रवंथ म्हणतात. बारीक झालेलं गवत पुन्हा पोटात गेलं, की जंतू त्यावर तुटून पडतात. ते गवताचे धागे मोडतात, आंबवतात आणि त्यातून गव्याला ताकद मिळते. गवा फक्त आणून देतो, शिजवतात जंतू!

आपल्या म्हशीचंही अगदी असंच. तू कधी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलायस का, किंवा गेलीयस का? समोर म्हैस उभी, तिथंच धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात! पुढच्या वेळी तो पेला ओठाला लावताना हे आठव: आधी होतं ऊन. ते गवतानं पकडलं. गवत म्हशीनं खाल्लं. ते जंतूंनी पचवलं. त्याचं झालं दूध, आणि आता ते तुझ्या मिशीला लागलंय!

आणि मग येतात सफाईवाले

हजार किलोचा गवा खाणार म्हणजे शेणही तसंच टाकणार. नाक मुरडू नको! कुणासाठी तरी ते गरमागरम जेवण आहे.

शेणकिडा! काळा, चकचकीत, तुझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. शेण पडलं की वासावर हजर होतो. काही शेणकिडे तिथंच खाली बीळ खणून शेण आत ओढतात. काही मात्र शेणाची गोल गोळी करतात, डोकं खाली आणि मागचे पाय वर करून ती ढकलत नेतात. उलटं चालत! मग ती जमिनीत पुरतात. मादी तीत अंडं घालते. पिल्लू बाहेर येतं ते जेवणाच्या ताटातच!

पण उलटं चालताना सरळ रेषेत कसं जायचं? आफ्रिकेतल्या काही शेणकिड्यांची युक्ती २०१३ साली शास्त्रज्ञांना कळली. हे किडे रात्री आकाशगंगेच्या उजेडावरून दिशा ओळखतात! शेणाची गोळी ढकलणारा एवढासा किडा, आणि नजर आकाशगंगेवर!

त्यांच्या या खटाटोपामुळं शेण मातीत मिसळतं. जमीन भुसभुशीत होते. तिथं नवं गवत उगवतं, आणि गवा पुन्हा जेवायला येतो.

गव्याला किंवा सांबराला खाणारे असतातच. बिबट्या, कोळसुंदे म्हणजे रानकुत्री, आणि कधीमधी सह्याद्रीत फिरणारा वाघ. पण वाघ इतके थोडे का असतात, सांगू? गवतानं शंभर घास ऊन साठवलं, तर ते खाणाऱ्या सांबराच्या अंगी त्यातले साधारण दहाच लागतात. बाकीचे चालण्यात, पळण्यात, अंग उबदार ठेवण्यात खर्च होतात. आणि ते सांबर खाणाऱ्या वाघाच्या अंगी लागतो एकच! म्हणून एका वाघाला वर्षाला सुमारे पन्नास मोठी जनावरं लागतात. तेवढी जनावरं जगायला केवढं जंगल लागत असेल, विचार कर!

एक उंबर, पाहुणे शंभर

जंगलात ओढ्याकाठी उंबराचं झाड असतं. फळं फांद्यांच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडालाच लगडतात. ती पिकली, की सगळ्यांना आवतण!

सकाळी शेकरू येतं. शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठ्ठी, तांबूस खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपटीसकट तीन फूट लांब! ते जमिनीवर क्वचितच उतरतं, फांदीवरून फांदीवर लांब उड्या मारतं. धनेश पक्षी येतो. त्याची बायको झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसलेली असते. ढोलीचं तोंड लिंपून बंद केलेलं, फक्त एक फट उघडी. धनेश घशात फळं भरून नेतो आणि त्या फटीतून एकेक तिला भरवतो. अंडी फुटेपर्यंत आणि त्यानंतरही, आठवड्यामागून आठवडे! रात्री वटवाघळं येतात. खाली सांडलेली फळं भेकर आणि रानडुक्कर वेचतात. राहिलेल्यावर मुंग्या चढतात.

आणि फळाच्या आत कोण असतं माहितेय? पिकलं उंबर फोडून बघ. भुर्र! बारीक किडे उडतात. त्या आहेत चिमुकल्या गांधीलमाश्या. फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला आजी म्हणते ना, "उंबराचं फूल झालास की रे!" उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत दडलेलं असतं. एक नाही, शेकडो फुलं! माशी एवढ्याशा भोकातून आत घुसते, अंडी घालते आणि येता येता दुसऱ्या उंबराचे परागकण घेऊन येते. माशी नसेल तर उंबरात बी धरत नाही. उंबर नसेल तर माशीला घर नाही.

आता एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? इतके पाहुणे, पण भांडणं फारशी नाहीत. एकजण दिवसा जेवतो, दुसरा रात्री. एकजण वर, एकजण खाली. एकाला गर, एकाला बी, एकाला पान. प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून एका जंगलात इतके जण मावतात. अशा तऱ्हातऱ्हांच्या जिवांनी एकत्र नांदण्यालाच जैवविविधता म्हणतात. आपल्या देशाकडं ती भरपूर आहे. जगाच्या सगळ्या जमिनीचे शंभर भाग केले, तर आपल्या वाट्याला अडीच भागसुद्धा येत नाहीत. पण जगात आजवर नोंदलेल्या जिवांच्या शंभर जातींपैकी सात-आठ आपल्याकडं सापडतात!

वारुळातले शेतकरी

तुला वाटतं शेती फक्त माणूस करतो? मग वारुळापाशी ये. लांबूनच बघ हं, साप असू शकतो!

वारूळ बांधते वाळवी. ती वाळकी पानं आणि लाकूड आत नेते, पण ते तिलाही नीट पचत नाही. मग ती आत चक्क बुरशीची शेती करते! चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे ती जाळीदार वाफे करते. त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते आणि मग वाळवी ते खाते. माणूस शेती करायला लागला त्याला झाली दहा-बारा हजार वर्षं. वाळवी ही शेती करतेय सुमारे तीन कोटी वर्षांपासून!

पावसाळ्यात वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या उगवतात ना, ती अळंबी म्हणजे वाळवीच्या शेतातलं पीक. गावाकडची जाणती माणसं ती ओळखून आणतात आणि भाजी करतात. पण आपण हात लावायचा नाही! काही अळंब्या भयंकर विषारी असतात.

माशी खाणारं झाड

आता माझी सगळ्यात लाडकी जागा! पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. पावसाळ्यात जा. पायाखाली जांभा खडक, वर ढग, आणि जिकडंतिकडं फुलं. पण फुलं नंतर. आधी गुडघे टेक, वाक आणि ओल्या मातीत नीट बघ.

दिसलं? नाण्याएवढं, लालसर, जमिनीला चिकटलेलं. त्याच्या पानांवर बारीक केस आहेत, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चमकता थेंब. जणू दव पडलंय. म्हणून नावच दवबिंदू!

पण ते दव नाही. तो डिंक आहे!

एक माशी येते. तिला वाटतं, वा, काय छान चमकतंय! ती बसते. पाय चिकटतो. सोडवायला जाते तर दुसरा चिकटतो. ती धडपडते आणि आजूबाजूचे केस हळूहळू तिच्याकडं वाकू लागतात! सगळीकडून ते तिला वेढतात. थेंबांतला रस तिला विरघळवतो. काही दिवसांनी केस पुन्हा सरळ होतात. माशीची रिकामी टरफलं तेवढी उरतात.

झाडानं माशी खाल्ली!

चार्ल्स डार्विनचं नाव ऐकलंयस? या मोठ्या शास्त्रज्ञाला दवबिंदूनं वेड लावलं होतं. इंग्लंडमधल्या दवबिंदूंच्या पानांवर त्यानं मांसाचे कण ठेवून पाहिले, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग ठेवून पाहिला, काचेचे बारीक तुकडेसुद्धा ठेवले. काचेला पानानं लवकर सोडून दिलं. अंड्याला मात्र धरून ठेवलं! खायचं काय आणि टाकायचं काय, हे एवढ्याशा पानाला कळतं. डार्विननं यावर अख्खं पुस्तक लिहिलं, १८७५ साली.

पण दवबिंदू हिरवाही असतो. उन्हात साखर करायची कला त्यालाही येते. मग माशी कशाला? कारण जांभ्यावर माती पातळ, आणि धो-धो पाऊस तिच्यातलं खत धुऊन नेतो. खतातला नायट्रोजन फारसा मिळतच नाही. उसाला शेतकरी युरिया टाकतो. पठारावर दवबिंदूला कोण टाकणार? तो आपलं खत आपणच पकडतो!

त्याच्या शेजारी निळीजांभळी इवली फुलं डोलत असतात. नाव किती सुंदर: सीतेची आसवं! ही तर दवबिंदूपेक्षा वस्ताद. हिच्या ओल्या मातीतल्या धाग्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पिशवीला दार असतं. एखादा सूक्ष्म जीव दाराला लागला, की पापणी लवायच्या आत दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद!

आयतं खाणारे

काही जण मात्र दुसऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवतात. कुंपणावर पिवळ्या शेवयांचा गुंता पडलेला दिसतो ना? ती अमरवेल. पानं नाहीत, आणि एकदा जम बसला की मुळंही नाहीत! ती दुसऱ्या झाडात सुया खुपसते आणि रस पिते. तिच्या एका अमेरिकन बहिणीवर २००६ साली प्रयोग झाला. कळलं काय? तिचं कोवळं रोप वास घेतं! टोमॅटोच्या रोपाचा वास येईल त्या बाजूला ते वाढत जातं. नाक नाही, तरी वास!

आंब्यावरचं बांडगूळ निम्मंच आयतं खातं. पानं हिरवी, साखर स्वतः करतं, पण पाणी आंब्याचं पितं. मग ते इतक्या उंच फांदीवर पोचतं कसं? फुलटोचा नावाचा इवलासा पक्षी त्याची फळं खातो. बी भलतीच चिकट! शी करताना ती त्याच्या बुडालाच चिकटते. मग तो फांदीवर बूड घासतो, आणि बी फांदीला! झाली पेरणी! हसू नको, खरंच असंच होतं.

आता तुझी पाळी. घराजवळचं नाहीतर शाळेतलं एक झाड निवड. एक वही आणि पेन्सिल घे. सकाळी थोडा वेळ बस आणि संध्याकाळी थोडा वेळ. त्या झाडावर कोण आलं, काय खाल्लं, वर खाल्लं की खाली, हे लिहून काढ. नाव माहीत नसेल तर चित्र काढ. पानं तोडायची नाहीत, किडा पकडायचा नाही, नुसतं बघायचं. तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला एकेक झाड वाटून दे. आणि महिन्यानं सगळ्यांच्या वह्या एकत्र उघडून ठरवा, कुणाच्या झाडाकडं सगळ्यात जास्त पाहुणे जेवायला आले!